पडायला शिकवणारी तालीम

कुंगफू-कराटेच्या क्लासची जाहिरात कुठल्याही शहरात एकाच साच्याची असते. हवेत उडी घेऊन लाथ झाडणारा मुलगा, त्याच्या खाली ‘आत्मविश्वास, एकाग्रता, स्वसंरक्षण’ असे शब्द आणि एक मोबाइल नंबर. ब्रूस ली १९७३ मध्ये गेला, त्याच वर्षी ‘एंटर द ड्रॅगन’ पडद्यावर आला, आणि तेव्हापासून आपल्या डोक्यातले कुंगफू त्या एका लाथेत अडकून पडले आहे. जाहिरातीतले शब्द खोटे नाहीत. नियमाने कुंगफू करणारा माणूस बदलतो, आणि पुष्कळदा चांगल्या अर्थाने बदलतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. फसवे आहे ते चित्र. लाथ मारता येऊ लागली म्हणून कोणाचे आयुष्य पालटल्याचे फारसे दिसत नाही. पालट होतो तो लाथेपर्यंत पोचण्याआधीच्या लांबलचक, कंटाळवाण्या आणि बऱ्याचदा मान खाली घालायला लावणाऱ्या सरावात. हे मान्य केले तर जबलपूरच्या घमापूरसारख्या कामगारवस्तीने अशा क्लासकडून काय अपेक्षा धरायची आणि सरकारने या नावाखाली पैसा कशावर घालायचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात.

नवशिक्याला पहिले काही महिने काय करायला लावतात ते जरा जवळून पाहावे. पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद, गुडघे वाकवून मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर, पाठ ताठ, मुठी कमरेशी. घोड्यावर मांड ठोकल्यासारखी ही बैठक. तिचे नाव ‘मा बू’. थोड्याच वेळात मांड्या पेटतात, गुडघे थरथरू लागतात. मूल शेजारच्याकडे चोरून बघते, हळूच वर सरकते, आणि शिकवणारा काही न बोलता त्याच्या खांद्यावर दोन बोटे ठेवून त्याला पुन्हा खाली बसवतो. समोर प्रतिस्पर्धी नाही, गुण नाहीत, टाळ्या तर नाहीतच. सरावाच्या आधी आणि नंतर उजव्या मुठीवर डावा पंजा टेकवून सलामी, आणि मधल्या वेळात ठरीव हालचालींची तीच ती मालिका. आपल्या तालमीत नव्या पोराला कुस्तीआधी हौद्यातली माती उकरायला लावतात, त्यामागचा हिशेब याहून निराळा नाही. शरीर दमलेले असताना चित्त ठिकाणावर ठेवायचे, हात शिवशिवत असताना तो आवरायचा, चारचौघांदेखत चुकायचे आणि तरी दुसऱ्या दिवशी यायचे. बाकीची विद्या यावर चढत जाते.

याचा सर्वांत बोलका दाखला घमापूरपासून लांब शोधावा लागत नाही, फक्त तो कुंगफूचा नसून ज्युदोचा आहे. साधारण २०१४ पासून साइटसेव्हर्स आणि जबलपूरची तरुण संस्कार या संस्थांनी मिळून दृष्टिहीन मुली-बायकांना ज्युदो शिकवायला घेतले. हेतू पदकांचा नव्हता, स्वसंरक्षणाचा होता. पण ज्युदोत पहिला धडा असतो पडण्याचा: हनुवटी छातीशी, हात तळव्यापासून कोपरापर्यंत गादीवर आपटायचा, म्हणजे धक्का पाठीत न जाता हातात जिरतो. ज्याला दिसत नाही त्याच्या रोजच्या जगण्यात पडण्याची धास्ती केवढी मोठी असते, हे वेगळे सांगायला नको. ठेच लागेल, पायरी चुकेल, म्हणून घरचे लोक बाहेर सोडत नाहीत आणि मग ती मुलगीही बाहेर पडायचे सोडून देते. पडता येते हे एकदा अंगाला कळले की त्या भीतीचा पायाच उखडतो. दृष्टिहीनांच्या ज्युदोचा एक नियम मोठा सूचक आहे. पंच दोन्ही खेळाडूंना हाताला धरून मधोमध आणतो आणि दोघांनी एकमेकांच्या जाकिटाची पकड घेतल्यावरच लढत सुरू होते. पकड सुटली की थांबून पुन्हा मधून सुरुवात. समोरच्याचा श्वास, त्याने कुठल्या पायावर भार दिला आहे, तो ओढणार की ढकलणार, हे सगळे बोटांनी वाचायचे. दक्षिण चीनच्या विंग चुन कुंगफूत हाताला हात चिकटवून करायचा ‘ची साओ’ नावाचा सराव आहे, आणि तो डोळे मिटूनही करतात. विद्या दोन, कान एकच: स्पर्शाचा.

जबलपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली जानकी गौड लहानपणी गोवराने दृष्टी गमावलेली. या वर्गांतून ती तयार झाली आणि २०१७ मध्ये ताश्कंदच्या आशिया-ओशनिया स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. याच मध्य प्रदेशातल्या सीहोरच्या कपिल परमारची दृष्टी लहानपणी लागलेल्या विजेच्या धक्क्यानंतर गेली, त्याने पोटासाठी चहाची टपरी चालवली, आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये ६० किलो गटात कांस्य जिंकून ज्युदोतले भारताचे पहिले पॅरालिम्पिक पदक आणले. ही नावे पदकांमुळे आपल्यापर्यंत पोचली. पण माझा मुद्दा पदकांवर उभा नाही. त्या वर्गांत आलेल्या बहुतेक मुली कुठल्याच स्पर्धेला गेल्या नसणार. एकटीने रस्ता ओलांडणे, अनोळखी हात खांद्यावर पडला तर गोठून न जाणे, घरी ‘मी जाऊन येते’ असे सांगणे, या बदलांची नोंद कुठल्याच क्रीडासंघटनेच्या वहीत होत नाही.

दोन-चार नामवंतांच्या गोष्टींवरून नियम सांगणे धोक्याचे, हे खरेच. म्हणून जरा कोरड्या पुराव्याकडे वळू. १९८६ मध्ये मायकेल ट्रल्सन या अमेरिकी संशोधकाने गुन्हेगारीकडे झुकलेल्या १३ ते १७ वयाच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला पारंपरिक पद्धतीचे तायक्वांदो, म्हणजे ध्यान, आदराचे नियम, ठरीव मालिका, सगळ्यासकट. दुसऱ्याला त्याच विद्येतली फक्त मारामारी. तिसऱ्याला धावणे आणि साधे खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता उतरली होती आणि दुसऱ्या गटाची चढली होती. मुले जेमतेम चौतीस, तेव्हा यावर इमला रचू नये. पण दिशा दिसते. पुढे २००४ मध्ये किंबर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांनी एका शाळेतल्या २०७ लहान मुलांवर तीन महिने असाच प्रयोग केला, एका बाजूला नेहमीचा पीटीचा तास, दुसऱ्या बाजूला तायक्वांदो. तायक्वांदोच्या मुलांना स्वतःलाच तीन प्रश्न विचारायची सवय लावली होती: मी कुठे आहे, मी काय करतो आहे, मी काय करायला हवे. या मुलांचा स्वतःवरचा ताबा पीटीवाल्यांपेक्षा जास्त सुधारला, मुलांमध्ये मुलींपेक्षा अधिक. तीन प्रश्नांचा ठोशाशी काही संबंध नाही. ठोसा हे निमित्त आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला एका जागी उभे करायला याहून चांगले निमित्त शोधून सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप पालकांचा असतो: पोरगा आधीच दांडगा, त्यात त्याला मारायला शिकवायचे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नॉर्वेत एन्ड्रेसन आणि ओल्वेउस या अभ्यासकांनी २००५ मध्ये ११ ते १३ वयाच्या पावणेपाचशेच्या आसपास मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे आणि पूर्वेकडच्या युद्धकला यांत उतरलेल्या मुलांचे मैदानाबाहेरचे वागणे जास्त बिघडत गेलेले त्यांना आढळले. ओल्वेउस म्हणजे शाळेतल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलेला माणूस. त्याचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. पण ट्रल्सनच्या दुसऱ्या गटाशेजारी हे ठेवून पाहिले तर दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. जिथे वातावरण मर्दानगीच्या फुशारकीचे आहे, शिकवणारा स्वतःच ‘चौघांना कसे लोळवले’ याच्या कथा सांगतो आहे, तिथे मुलगा बिघडणारच. तीच लाथ, तोच सराव, आणि निकाल उलटा. म्हणजे पालकाची शंका विद्येबद्दल असण्याऐवजी तालमीबद्दल असली पाहिजे, आणि तिथे ती रास्त आहे.

दुसरा आक्षेप बरोबर उलट बाजूचा. कुंगफू हा नुसता नाच आहे, खऱ्या मारामारीत त्याचा उपयोग शून्य, असे म्हणणारे आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे व्हिडिओ आहे. एप्रिल २०१७ मध्ये चेंगदू शहरात शू शियाओडोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने ताई ची या कुंगफूच्याच शाखेतल्या वेई लेई नावाच्या गुरूला काही सेकंदांत खाली पाडून बडवले. चीनमध्ये गदारोळ झाला, शूवरच बहिष्कारासारखी वेळ आली, पण दिसले ते दिसले. दुसऱ्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात सत्तरीपुढच्या ६७० लोकांवरचा प्रयोग छापून आला. पडण्याचा धोका असलेल्या या वृद्धांना ताई चीवर बेतलेला व्यायाम सहा महिने दिला, आणि नुसते ताण देणाऱ्या व्यायामाच्या तुलनेत त्यांचे पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. रिंगणात काही सेकंद न टिकलेली विद्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीचे हाड वाचवते. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी मोलाची आहे, कारण चेंगदूसारखी झुंज आपल्यापैकी कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि न्हाणीघरातली ओली फरशी सगळ्यांच्या येते. जे गुरू आपली विद्या अजेय असल्याचे सांगतात त्यांना शूने उघडे पाडले, हे बरेच झाले.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र थोडे थांबावे लागते. बायकांना स्वसंरक्षण शिकवा, असे म्हणताना आपण जबाबदारी गुन्हेगाराकडून काढून तिच्या डोक्यावर ठेवत नाही का? ठेवतो, आणि पुष्कळदा सोयीने ठेवतो. रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी बस, तक्रार लिहून घेणारे ठाणे यांपेक्षा मुलींकडून मैदानात ‘हा, हू’ करून घेणे फार स्वस्त पडते, आणि फोटोही छान येतो. तरीही या विषयावरचा एक भक्कम अभ्यास नजरेआड करता येत नाही. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर प्रयोग केला; २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चार भागांचे, एकूण बारा तासांचे प्रशिक्षण. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्या मुलींत ९.८ टक्के होते, घेतलेल्यांत ५.२. हाताने-पायाने करायचा प्रतिकार चारांपैकी एकाच भागात होता. बाकी वेळ गेला तो धोका ओळखण्यात आणि ओळखीच्या, ‘चांगल्या घरच्या’ माणसाला नकार देताना जीभ अडखळते ती मोकळी करण्यात. आपल्याकडे समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईच्या नावाने स्वसंरक्षण प्रशिक्षण आहे. नाव मोठे समर्पक. त्यात हा तीनचतुर्थांश भाग किती येतो, हे त्या त्या शाळेत आलेला प्रशिक्षक ठरवतो, आणि जत्रेत दाखवतात तशा कवेलू फोडण्याच्या प्रात्यक्षिकात सगळे तीन महिने घालवायलाही त्याला कोणी अडवत नाही.

राहता राहिला तो आपल्या लोकांचा लाडका आक्षेप: आपली कुस्ती, मल्लखांब, लाठीकाठी असताना चिन्यांचे कशाला? त्यावर तितकाच लाडका प्रतिवाद म्हणजे कुंगफू मुळात आपलेच, बोधिधर्माने नेलेले. दोन्ही सोडून द्यावेत. शाओलिन मठ इसवी सन ४९५ मध्ये एका भारतीय भिक्षूसाठी बांधला गेला, एवढे इतिहास सांगतो. पण बोधिधर्माने तिथे व्यायाम शिकवला ही कथा ज्या ग्रंथातून आली तो सतराव्या शतकातला, आणि तांग हाओ या चिनी अभ्यासकानेच १९३०च्या दशकात तिची शहानिशा करून ती मोडीत काढली. मठ आपल्या माणसासाठी बांधला म्हणून लाथा आपल्या ठरत नाहीत. दुसऱ्या बाजूने, मराठी व्यायामपरंपरा कधीच सोवळी नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. अमरावतीचे १९१४ मधले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये आपली प्रात्यक्षिके घेऊन थेट बर्लिनला गेले. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळ केले; मराठी तालमीतली ती विद्या नर्मदेकाठी परकी मानली गेली नाही, मग कुंगफूचाच विटाळ का? चीनशी असलेल्या भांडणाचे म्हणाल तर सप्टेंबर २०२३ आठवावा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेला वुशू, म्हणजे कुंगफूचेच स्पर्धेतले रूप, खेळणाऱ्या अरुणाचलच्या तीन मुली चीनच्या अडवणुकीमुळे जाऊच शकल्या नाहीत. त्याच स्पर्धेत पेटलेल्या मणिपूरची नाओरेम रोशिबिना देवी चिन्यांच्याच खेळात, त्यांच्याच अंगणात रौप्यपदक घेऊन आली.

माझी स्वतःची काळजी वेगळ्या जागी आहे. सगळे तालमीवर आणि शिकवणाऱ्यावर अवलंबून असेल, तर तोच सर्वांत कच्चा दुवाही आहे. मूल त्याच्यापुढे वाकते, त्याच्या हातून शरीर दुरुस्त करून घेते, त्याने थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही. एवढी सत्ता शाळेच्या मास्तरालाही नसते. जुलै २०२५ मध्ये खुद्द शाओलिनचा मठाधिपती शी योंगशिन याच्यावर पैशांच्या अफरातफरीचे आणि स्त्रियांशी संबंधांचे आरोप ठेवून त्याची भिक्षुपदवी काढून घेण्यात आली. १९९९ पासून तो त्या गादीवर होता. मूळ पीठाची ही कथा, तर गल्लीतल्या क्लासच्या भिंतीवरच्या फ्रेममधल्या प्रमाणपत्राला कितपत मान द्यायचा? शिवाय पट्ट्यांचा धंदा आहेच. पट्ट्यांची रंगमाळ मुळात जपानी ज्युदोतून आलेली. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नवा पट्टा, फोटो हा क्रम पाहिला की शिकवणी कशाची चालली आहे ते कळते.

आता घमापूर. काचघर, लालमाटी, सिद्धबाबाची टेकडी आणि पुढे रांझीपर्यंतचा हा पट्टा कारखान्यांच्या आधाराने वाढला. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूर होती, त्यामुळे इथली मराठी घरेही जुनी. कारखान्याची नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता. भोंग्याला उठणे, वस्तादाच्या हाताखाली उमेदवारी, हळूहळू वर चढणे, अशी एक आखलेली वाट होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या, आणि बापामागून मुलगा ही वाट पूर्वीसारखी खात्रीची राहिली नाही. कुंगफू त्या नोकरीची जागा घेईल असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ठरलेल्या वेळी हजर राहणे, वरच्याकडून शिकणे, खालच्याला शिकवणे आणि घामाच्या हिशेबाने वर जाणे, याची जी सवय कारखाना लावत असे, ती लावणारी दुसरी जागा वस्तीत कुठली आहे? खासगी क्लास ज्यांना परवडतात त्यांची सोय झालेली आहे. प्रश्न बाकीच्यांचा आहे, त्यातही मुलींचा आणि दिव्यांगांचा.

पैसा अगदीच नाही असेही नाही. राणी लक्ष्मीबाई योजनेत शाळेला महिना पाच हजार रुपये, तीन महिने, म्हणजे वर्षाला पंधरा हजार मिळण्याची तरतूद आहे. तीन महिने संपले की प्रशिक्षक दुसऱ्या शाळेत जातो आणि मुली जिथे होत्या तिथे राहतात. मा बूत पाय स्थिरावण्याआधीच खेळ संपतो. त्याऐवजी एकमेकांच्या जवळच्या चार सरकारी शाळांनी हे पंधरा-पंधरा हजार एकत्र केले तर साठ हजार होतात आणि एका प्रशिक्षिकेला बाराही महिने तेच पाच हजार देता येतात. चारांपैकी एका शाळेचे पटांगण, संध्याकाळचे दीड-दोन तास, आयांना दारात बसून बघायची मुभा, परीक्षा फुकट. मानधन तुटपुंजे आहे आणि ते वाढवावे लागेल, महापालिकेला त्यात भर घालावी लागेल, हे उघड आहे. आडवा येतो तो मुख्यतः हिशेब, कारण अनुदान एकेका शाळेच्या नावावर सुटते आणि खर्चाचा दाखलाही तिलाच द्यावा लागतो. चार मुख्याध्यापकांनी मिळून एक खाते चालवायला भोपाळने परवानगी दिली, तर पुढच्या जूनपासून घमापुरात हा प्रयोग करून पाहता येईल.